मैदानातली छत्री

२ सप्टेंबर, मंगळवार

जुनी वही चहाच्या कपात अंघोळ करून बसली, म्हणून ही नवी. मागचं थोडक्यात लिहून ठेवतो, म्हणजे उद्या मलाच माझा पत्ता लागेल. वय चौऱ्याहत्तर. शाळा सातवीपर्यंत. चाळीस वर्षं छापखान्यात रंगाच्या मशीनवर काढली, आणि जे काही शिकलो ते छापता छापता वाचून. निवृत्त झाल्यावर वाचनालयात ‘निसर्ग रविवार’ सुरू केला. महिन्यातून एक रविवार, लहानथोर कुणीही यावं. नऊ वर्षं झाली. वारूळ पाहिलं, ग्रहण पाहिलं, साबणाच्या फुग्यात रंग का फिरतात तेही पाहिलं.

या महिन्यात छत्र्या, म्हणजे अळंबी. पावसाने उघडीप दिल्यापासून शाळेमागच्या मैदानात नुसत्या उगवल्यात. आणि अठ्ठावीस तारखेला वाचनालयाच्या सभागृहात वर्षाचा विज्ञान मेळावा. तोवर छत्र्यांचं एक पत्रक छापून घरोघरी वाटायचं ठरवलंय.

ग्रंथपालाला म्हटलं, “अरे, या ट्यूबलाइट बदल की. मेणबत्तीएवढा उजेड पडतोय.”

“काका, मागच्याच महिन्यात नव्या बसवल्या.”

मुलगा खोटं बोलणारा नाही. दुकानदाराने जुना माल गळ्यात मारला असणार.

घरी सूनबाईने नवे पडदे लावले. म्हटलं, रंग मातकट आहे, पण मळ दिसायचा नाही, हुशारीचं काम केलंस. तिने पडद्याची चुणी सारखी केली. मग हळूच म्हणाली, “बाबा, आकाशी आहेत ते.” आजकाल रंगांची नावंसुद्धा कशीही ठेवतात.

७ सप्टेंबर, रविवार

त्रेचाळीस माणसं आली! सर्वांत धाकटं पाच वर्षांचं, सर्वांत थोरल्या आजी शहाऐंशीच्या. आजी म्हणाल्या, “मी छत्र्या बघायला नाही आले, सुनेने पाठवलं. दोन तास घर मोकळं हवं म्हणे.” सगळे हसले, त्यांना सोडायला आलेली सून सर्वांत जास्त.

सुरुवातीला दोन नियम सांगितले. पहिला, हात तोंडाला लावायचा नाही. दुसरा माझ्या जुन्या धंद्यातला. छापखान्यात कुठलंही प्रूफ दोघांनी वाचून सही केल्याशिवाय मशीनवर चढत नसे. तीच पद्धत मी इथे आणली. कुठल्याही वस्तूवर नावाची चिठ्ठी लावायची तर दोन जोड डोळे लागतात. एक सही माझी, दुसरी पोस्टमनची.

पोस्टमन म्हणजे माझा मित्र. तोही आता निवृत्त, पण त्याला दुसरं नाव आहे हे गावात फारसं कुणाला ठाऊक नाही. तो मला ‘शाईवाल्या’ म्हणतो. पहिल्या रविवारपासून एकही चुकवलेला नाही. सही करायची वेळ आली की वस्तूकडे न बघता म्हणतो, “तू पाहिलंस ना? मग मी पाहिलं.” मी रागावतो. तो सही करतो.

मैदानात ताटलीएवढ्या टोपीच्या छत्र्या सापडल्या. वर तपकिरी खवले, देठाला कडं. पुस्तकात ही ओळखीची आहे आणि खायला उत्तम. पण हुबेहूब तिच्यासारखी दिसणारी दुसरी एक आहे, ती पोटाची पार वाट लावते. फरक एकच. टोपी कागदावर पालथी ठेवली की रात्रभरात तिच्या खालच्या पापुद्र्यांतून पूड झडते. पूड पांढरी तर चांगली, हिरवट तर विषारी. हे सांगितल्यावर सगळे असे गप्प झाले की मला माझाच अभिमान वाटला.

पोस्टमन कानाशी लागला. “शाईवाल्या, पांढरी निघाली तर मी खाणार हां. पन्नास वर्षं झाली छत्री खाऊन. माझी आई करायची.”

“आधी पूड पाहू,” मी म्हटलं.

८ सप्टेंबर, सोमवार

सकाळी वाचनालयात कागदावर पालथ्या ठेवलेल्या टोपीवरचं भांडं उचललं. काय सुंदर ठसा पडला होता! चाकाच्या आऱ्यांसारख्या रेषा, जशा काही कुणी ब्लॉक करून छापल्यात. पांढरी पूड. अगदी किंचित मळकट, पण कागदच आजकाल पिवळट येतो.

आमच्या रविवारला येणारी शिवणकामवाली बाई होती. कोपऱ्यावर तिचं दुकान आहे. ती बराच वेळ वाकून पाहत राहिली.

“काका, मला हिरवट वाटतंय.”

“कुठे?”

“सगळंच. अगदी फिकं. आणि काका, पांढऱ्या कागदावर पांढरी पूड इतकी उठून दिसेल का?”

मी हसलो. म्हटलं, “बाई, चाळीस वर्षं मी रंग जुळवलेत. मालक दोन लालमधला फरक विचारायला माझ्याकडे माणूस पाठवायचा. कागद पिवळा आहे म्हणून पूड दिसते.”

“असेल,” ती म्हणाली. “तुम्ही म्हणता तर असेल.” पण तिचा चेहरा काही सैल झाला नाही. चिठ्ठीवर तिचीही सही घेऊ का विचारलं, तर म्हणाली, “माझी नको.” बायकांना सही करायचा उगाच संकोच.

मी सही केली. अकराला पोस्टमन आला, चष्मा घरी विसरून. त्याने सही केली.

११ सप्टेंबर, गुरुवार

पत्रक आलं. दोनशे प्रती. मी स्वतः मशीनजवळ उभा राहिलो होतो. अक्षर ठसठशीत, चित्र स्पष्ट, एकही डाग नाही. ‘मैदानातली मोठी छत्री. कडं पाहा, खवले पाहा. खाण्यास योग्य. तपासणारे,’ आणि खाली आम्हा दोघांच्या सह्या. विषारी छत्र्यांचीही तीन चित्रं आहेत, ठळक चौकटीत.

पोस्टमन म्हणाला, “वाटायचं काम माझं. माझी बीट, टपाल वाटायची गल्ली न् गल्ली, मला पाठ आहे. कुत्री अजून ओळखतात की नाही ते बघतो.” पिशवी खांद्याला लावून निघाला तर वीस वर्षांनी तरुण दिसत होता.

येताना रस्ता ओलांडताना एका गाडीचे दिवे डोळ्यांवर असे आले की काही क्षण दिसलंच नाही. लोक भर संध्याकाळी मोठे दिवे लावून फिरतात. शिस्त उरली नाही.

१५ सप्टेंबर, सोमवार

पोस्टमन दवाखान्यात आहे.

वहिनींचा फोन दुपारी आला. त्याने शनिवारी छत्र्या आणल्या, स्वतः निवडल्या, स्वतः परतल्या आणि एकट्यानेच खाल्ल्या. वहिनींना तो वास सोसत नाही. दोन तासांत उलट्या सुरू झाल्या. रविवारचा सगळा दिवस उलट्या नि जुलाब. वहिनी म्हणत होत्या, दवाखान्यात चला. तो म्हणत होता, “छत्रीचं काही नाही. ती आपण तपासलेली आहे. दुसरं काहीतरी बाधलंय.” आज सकाळी उभं राहवेना तेव्हा कुठे नेलं.

मी पोचलो तेव्हा डोळे मिटून होता. ओठ कागदासारखे.

त्याने नक्कीच दुसरी उचलली. चष्मा न लावता गेला असणार.

१६ सप्टेंबर, मंगळवार

डॉक्टरीणबाई स्पष्ट बोलणारी आहे. शरीरातलं पाणी फार गेलंय. त्याला साखरेचा आजार जुना, मूत्रपिंडं आधीच थकलेली, ती आता काम करेनात. म्हणाली, “धडधाकट माणूस दोन दिवसांत बरा होऊन घरी गेला असता. किंवा हेसुद्धा शनिवारीच आले असते तर.”

तिने पोस्टमनला विचारलं, “छत्री कुठली होती, आजोबा?”

मी पुढे होऊन म्हटलं, “मैदानातली असेल तर ती चांगली आहे, आम्ही...”

“मैदानातली नाही,” पोस्टमन म्हणाला. आवाज फार बारीक होता, पण मध्ये थांबला नाही. “नाल्यापलीकडून आणली. तिथे मोठ्या होत्या. लोभ झाला.”

माझ्याकडे पाहिलं त्याने. बराच वेळ पाहिलं. मी त्याचा हात धरला आणि म्हटलं, “अरे गाढवा, मला विचारायचं तरी.” लिहायला लाज वाटते, पण लिहितोच. माझ्या छातीवरचा दगड उतरला. रात्रभर डोळ्याला डोळा नव्हता, की आमचंच काही चुकलं की काय.

१७ सप्टेंबर, बुधवार

आज जरा बरा बोलला. वहिनी औषधं आणायला गेल्या तेव्हा जवळ बोलावलं.

“शाईवाल्या, माझ्या कपाटात पस्तीस पत्रकं उरलीत.”

“असू देत.”

“ती वाटू नकोस.”

“बरं.”

“ऐक. वाटू नकोस. आणि वाटलेली...” तेवढ्यात खोकला आला, मग नर्स आली, मग वहिनी आल्या. वहिनींसमोर तो काही बोलला नाही. फक्त म्हणाला, “तुझी नऊ वर्षं चांगली गेली रे. गर्दी जमते तुझ्याकडे.”

हट्टी माणूस! बीट आपली आहे, बरं झाल्यावर आपणच वाटणार. अंथरुणावर पडूनही त्या पस्तिसांचा घोर. त्याच्या जिवाला लागलंय म्हणून मी ठरवलं, की त्याला न सांगता काम पुरं करून टाकायचं. बरा होऊन आला की कपाट रिकामं दिसेल आणि मला चार शिव्या देईल.

१८ सप्टेंबर, गुरुवार

वहिनींकडून किल्ली घेऊन पस्तीसच्या पस्तीस वाटली. पाय भरून आले. शेवटचं पत्रक पाळणाघरात दिलं. बाईंनी भिंतीवर लावलंसुद्धा.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

सकाळी सव्वासहाला गेला.

२१ सप्टेंबर, रविवार

काल त्याला निरोप दिला. टपाल खात्यातले जुने सहकारी आले होते. ज्यांची दारं त्याने तीस वर्षं वाजवली ते लोकही आले. एकजण बाजूच्याला म्हणाला, “या वयात जिभेचे चोचले कशाला? दुसऱ्यांना शिकवायचं आणि आपण नाल्याकाठचं उचलून खायचं.” वहिनी पाठमोऱ्या होत्या, पण त्यांनी ऐकलं. मानेवरून कळलं.

मी बाजूला बसलो तर म्हणाल्या, “भावजी, मला एकच कळत नाही. नाल्यावरची फळी दोन महिन्यांपूर्वी वाहून गेली. हे पलीकडे गेले कसे?”

मी म्हटलं, “वरच्या अंगाने वळसा घालून गेला असेल. हट्टी होता.”

“दहा मिनिटांत परत आले होते,” त्या म्हणाल्या.

दुःखात माणसाला वेळेचं भान राहत नाही.

२३ सप्टेंबर, मंगळवार

हे लिहायचं आहे.

दुपारी शिवणकामवाली बाई घरी आली. हातात दोऱ्यांची पेटी आणि वाचनालयातून आणलेला तो ठशाचा कागद. सूनबाईने पाणी दिलं, तिने घेतलं नाही. म्हणाली, “काका, मला दोन रात्री झोप नाही. एक काम करा. या पुडीच्या रंगाचा दोरा मला काढून द्या.”

“हे काय खेळ?”

“काढा ना, काका. तुम्ही रंग जुळवणारे.”

मी पेटीतले दोरे पाहिले. उजेडात नेऊन पाहिले. एक निवडून कागदावर ठेवला. बरोबर जुळला, नखभरसुद्धा फरक नाही. सूनबाई दारात उभी होती. तिने तोंडावर हात ठेवला.

“हा मोतिया रंग,” बाई म्हणाली. तिने दुसरं रीळ काढून पुडीवर ठेवलं. “मला हा दिसतो. काही बोलत नाही मी. सूनबाईंना विचारा.”

मला दोन्ही रिळं सारखीच दिसत होती. अगदी जुळी.

“हा कुठला?” मी सूनबाईला विचारलं.

ती जवळ आली. मग म्हणाली, “पिस्ता, बाबा. हिरवा.”

“पूड?”

“तीही.”

मी म्हटलं, शिळी होऊन रंग बदलला असेल. बाई म्हणाली, “त्या दिवशीही असाच होता. मी बोलले होते.” हो. बोलली होती. मी हसलो होतो.

सूनबाई रडायला लागली. “दोन वर्षं सांगतेय, डोळे दाखवून या. तुम्ही दिव्यांना नावं ठेवता, धोब्याला नावं ठेवता. मला वाटलं होतं, घरातल्या घरात आहे, चालतंय.”

मी कागद हातात घेऊन बसलो. इतका नितळ ठसा आयुष्यात पाहिला नव्हता.

२४ सप्टेंबर, बुधवार

डोळ्यांचे डॉक्टर. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चांगले पिकलेले. म्हणाले, “तुम्ही पिवळ्या काचेतून जग बघताय, आजोबा. पांढरं मळकट, निळं काळपट. फिकट हिरवं तर तुमच्यापर्यंत पोचतच नाही.”

“कधीपासून?”

“वर्षं झाली असतील. हळूहळू येतं, त्यामुळे ज्याला येतं त्याला कळत नाही.”

शस्त्रक्रियेची तारीख देत होते. मी म्हटलं, आधी एक काम आहे.

तो मैदानातलीच खाऊन गेला. त्याला ठाऊक होतं. अंथरुणावर पडल्या पडल्या त्याने हिशोब जुळवला आणि डॉक्टरीणबाईसमोर, माझ्यादेखत, नाला मध्ये आणून ठेवला. आणि मी त्याला गाढव म्हणालो.

एकांतात सांगायला बघत होता. पत्रकं थांबव, वाटलेली परत घे. मी ती पस्तीस घेऊन दारोदार गेलो. पाळणाघरातही.

संध्याकाळी धावत पाळणाघरात गेलो. पत्रक भिंतीवरून काढलं. बाई म्हणाल्या, “अहो, मुलं त्याच्यावरून चित्रं काढतात.” फाडून खिशात घातलं. का ते सांगितलं नाही. म्हटलं, सुधारलेलं आणून देतो.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

ग्रंथपालाला सगळं सांगितलं. तो डोकं धरून बसला. मग म्हणाला, “काका, पत्रकं मागवू. ‘नवी आवृत्ती येतेय, जुनी परत करा’ अशी सूचना लावू. पण बाकीचं बोलू नका. पोस्टमनकाकांनी स्वतः डॉक्टरांना सांगितलंय, नाल्यापलीकडची. ते लिहून झालंय. आता तुम्ही उलट सांगितलंत तर वाचनालय बंद करतील. रविवार तर कायमचा गेला.”

“आणि नवी आवृत्ती येतेय म्हणून किती जण परत करतील?”

“काही करतील.”

“काही.”

“काका, त्यांनीच तसं ठरवलं ना? तुमच्यासाठी. त्यांचं मन मोडणार तुम्ही?”

घरी येईपर्यंत मला हे पटलं होतं. खरं लिहितो, पूर्ण पटलं होतं. मित्राची शेवटची इच्छा म्हणून पांघरूण ओढून झोपावं, असं वाटत होतं. मग सूनबाईने सांगितलं, की वहिनी भाजी घ्यायला गेल्या तेव्हा कुणीतरी तोंडावर म्हणालं, “नवऱ्याला घरात धड खायला घालत नव्हता का, की नाल्यावर चरायला गेले?”

२८ सप्टेंबर, रविवार

मेळावा झाला. दीडशेच्या वर माणसं. एका टेबलावर भिंगं, एकावर लिंबाची वीज, एकावर शिंपले. बाहेर आकाशी कपड्यांतली शाळेची मुलं रांगेत होती. आकाशी, हे सूनबाईने सांगितलं. मी आता विचारतो.

ग्रंथपालाने मला दोन शब्द बोलायला उभं केलं. पोस्टमनच्या आठवणी सांगा म्हणाला. वहिनी मागच्या रांगेत होत्या, त्यांना त्यानेच आग्रहाने बोलावलं होतं.

मी म्हटलं, “पोस्टमनने मैदानातली छत्री खाल्ली. आमच्या पत्रकात जी चांगली म्हणून छापली आहे, ती. ती विषारी आहे. तिची पूड हिरवी आहे. मला दिसली नाही, कारण माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे आणि मी कुणाचं ऐकलं नाही. त्याने पूड पाहिलीच नाही, कारण त्याचा माझ्यावर भरवसा होता. नाल्यापलीकडे तो गेला नव्हता.”

ग्रंथपाल लगबगीने आला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि माईकमध्ये म्हणाला, “काकांना मित्राचं फार लागलंय. आपण समजू शकतो. दोष स्वतःकडे घेणं, ही त्यांची थोरवी.”

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या! डोळे पुसत वाजवल्या. एक बाई येऊन म्हणाली, “काका, मनाला लावून घेऊ नका हो.” मी म्हटलं, “तुमच्याकडे पत्रक आहे का?” ती म्हणाली, “जपून ठेवलंय. दोघांच्या सह्या आहेत ना त्यावर.”

शिवणकामवाली बाई ओरडून काहीतरी सांगत होती. कुणी ऐकेना. मागच्या रांगेत पाहिलं तर वहिनींची खुर्ची रिकामी.

२९ सप्टेंबर, सोमवार

एकटाच निघालो. चार तासांत अकरा पत्रकं. कुणाला सापडत नाही, कुणी रद्दीत दिलं, कुणी आत बोलावून पाणी देतं आणि माझ्याच तब्येतीची चौकशी करतं. कुणाच्या घरी दिलं होतं नि कुणाच्या नाही, हेही मला ठाऊक नाही. ते एका माणसालाच ठाऊक होतं.

३० सप्टेंबर, मंगळवार

सकाळी दार वाजलं. वहिनी. पायात चप्पल, खांद्याला त्याची खाकी पिशवी, हातात खिशात मावेल एवढी वही. त्यात त्याच्या अक्षरात घरं लिहिली होती. कुठे पत्रक दिलं, कुठे दाराच्या फटीतून सरकवलं, कुठे कुणी घरी नव्हतं म्हणून पुन्हा जायचं. नोकरी सुटली तरी सवय सुटली नव्हती.

मी पाया पडायला वाकलो. त्या दोन पावलं मागे सरल्या.

“वहिनी, मी...”

“चला,” त्या म्हणाल्या.

दिवसभरात एवढंच बोलल्या. घर आलं की वही बघायच्या, बेल वाजवायच्या आणि दार उघडलं की एक पाऊल बाजूला व्हायच्या, म्हणजे दारातून आधी मी दिसावा. मी बोलायचो. पत्रक मिळालं की त्या घडी करून पिशवीत टाकायच्या, वहीत त्या घरापुढे फुली मारायच्या. छत्तीस घरं, एकतीस पत्रकं.

त्यांना माझी दया आली की त्या मला शिक्षा करतायत, ते कळत नाही. विचारायची छाती नाही.

१ ऑक्टोबर, बुधवार

आज सकाळपासून पाय जड. तिसाव्या-चाळिसाव्या दाराशी तेच ते बोलून जीभही जड झाली होती. एका दुमजली घराची बेल वहिनींनी वाजवली. दार उघडलं ते तरुण जोडप्यातल्या नवऱ्याने, कडेवर वर्षाचं मूल. ओट्याजवळ बायको काहीतरी चिरत होती. पत्रक समोरच फ्रिजवर लावलेलं.

“अरे वा, काका! हे तुमचंच ना? काल संध्याकाळीच मैदानात चक्कर मारून आलो. तीन चांगल्या मोठ्या मिळाल्या.”

मी ओट्यावर पाहिलं. ताटलीएवढी टोपी, पांढरी. म्हणजे मला पांढरी.

“ते करू नका,” मी म्हटलं. “पत्रकात... छपाईत चूक झालीय. फेकून द्या ते.”

“छपाईत?” बायको सुरी थांबवून म्हणाली. “म्हणजे नाव चुकलंय? छत्री तर चांगली आहे ना? एवढं निवडलं मी.”

“नाव... हो, म्हणजे थोडं...”

“छपाईत काही दोष नाही,” वहिनी म्हणाल्या.

कालच्या ‘चला’नंतर पहिल्यांदाच बोलल्या. बाजूला सरकलेल्या होत्या, तिथूनच. माझ्याकडे बघत नव्हत्या. त्या मुलाकडे बघत होत्या.

मी चौकटीला धरलं आणि म्हटलं, “ती विषारी आहे. चांगली म्हणून सही मी केली. मला रंग दिसत नाही. माझ्या मित्राने ती खाल्ली आणि तो मेला. या त्याच्या घरच्या.”

बायकोच्या हातातली सुरी ओट्यावर पडली. तिने टोपीचे तुकडे गोळा केले, कचऱ्यात टाकले आणि नळ सोडून हात धूत राहिली, कितीतरी वेळ. नवऱ्याने फ्रिजवरचं पत्रक ओरबाडून माझ्या अंगावर टाकलं. “घरात लहान मूल आहे आमच्या! कळतं का तुम्हाला? निघा इथून.”

दार आपटलं. आतून मूल रडायला लागलं.

मी जिन्यातच बसलो. वहिनींनी वाकून पत्रक उचललं, घडी केली, पिशवीत टाकलं, वहीत फुली मारली. मी उठायची वाट पाहत कठड्याला हात लावून उभ्या राहिल्या.

“किती राहिली?” मी विचारलं.

“एकशे आठ,” त्या म्हणाल्या. आणि वरच्या मजल्याची बेल वाजवायला पायऱ्या चढू लागल्या.